युगांडाला दोन वर्षांच्या सेवेसाठी निघतोय, सहा जण. काय न्यायचं, काय आधी ठरवायचं?

नगरची_सिस्टर · रविवार, रात्री ९:१२
जय ख्रिस्त सगळ्यांना. आमच्या मंडळीतर्फे आम्ही मे अखेरीला उत्तर युगांडात गुलूजवळच्या एका मिशन दवाखान्यात दोन वर्षांसाठी जातोय. मी आणि आणखी एक नर्स, एक लॅब टेक्निशियन, आणि एक जोडपं. त्यातले दादा मोटरपंप आणि वायरिंगचं काम करतात, वहिनी शिक्षिका आहेत. त्यांची मुलगी चार वर्षांची. परदेशी जायची सगळ्यांचीच पहिली वेळ.
तिकिटावर माणशी दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. सामानाला माणशी २५,००० रुपये आहेत. हे पैसे मंडळीतल्या लोकांनी दिलेत, त्यात शेतमजूर बायकांचे दहा-दहा रुपयेही आहेत, म्हणून एकही वस्तू उगीच घ्यायची नाही.
विचारायचं ते असं. इथून काय न्यावं, तिथे काय मिळतं? मलेरियाच्या गोळ्या दोन वर्षं घ्यायच्या का? स्वयंपाक एकत्र ठेवावा की वेगळा? आणि उपासनेसाठी पेटी न्यावी का? ती ११ किलोची आहे. तिच्यासाठी अर्धी बॅग जाते, पण मन तिच्यात अडकलंय.

पुणे_ट्रेकर · रविवार, रात्री ९:४०
सगळ्यात आधी बॅग चांगली घ्या. मी लडाखला नेलेली सॅक १८,००० ची होती, नऊ वर्षं झाली, एक टाका उसवला नाही. स्वस्तातल्या ट्रॉलीची चाकं पहिल्याच मातीच्या रस्त्यात निघतात. बूटही भारीतलेच घ्या, ते साधारण १२,००० पर्यंत येतील.

नगरची_सिस्टर · रविवार, रात्री ९:५५
दादा, सॅक आणि बूट मिळूनच ३०,००० झाले.

पुणे_ट्रेकर · रविवार, रात्री १०:०२
हो, पण एकदाच घ्यायचं असतं.

सोलापूरचा_दादा · रविवार, रात्री १०:३०
मी कंपालात ११ वर्षं दुकानात होतो, त्यामुळे सांगू शकतो. तूरडाळ, आटा, जिरं, मोहरी, हळद, पापड, लोणचं यातलं काहीही इथून नेऊ नका. कंपालात भारतीय किराणा भरपूर आहे. आपली माणसं तिथे आत्ताची नाहीत. मोंबासाहून निघालेली रेल्वे बांधायला १८९६ पासून हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते. पुढे १९७२ मध्ये इदी अमीनने नव्वद दिवसांची मुदत देऊन सगळ्यांना हाकललं. नंतर बरेच परत आले. म्हणून चपाती तिथे घराघरात आहे. रस्त्यावर चपातीत ऑम्लेट गुंडाळून देतात, त्याला रोलेक्स म्हणतात. पहिल्या आठवड्यात तुम्ही त्यावरच जगाल.
आता पैशाचं. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या, नव्या छपाईच्या, शंभराच्या नोटा न्या. जुन्या सालाची, दुमडलेली किंवा शाई लागलेली नोट कमी भावाने घेतात, नाहीतर घेतच नाहीत. वीस आणि दहाच्या नोटांनाही भाव कमी. मी सुरुवातीला चारशे डॉलर दहा-वीसमध्ये नेले होते, चांगलाच फटका बसला. तिथे रोजचे व्यवहार फोनवरच्या मोबाइल मनीने होतात. सिम पासपोर्ट दाखवून स्वतःच्या नावावर घ्या, दुसऱ्याच्या नावाचं घेऊ नका.

वसईकर_पाणीवाला · रविवार, रात्री ११:०५
पाण्याचं कुणीच बोललं नाही. मी केनियात बोअरवेलच्या कामाला होतो, आमच्या धर्मप्रांतातून गेलो होतो. सिरॅमिक कँडलचा मोठा फिल्टर आणि सोबत सोलर पॅनल, बॅटरी, इन्व्हर्टर असा संच घ्या. माझा ८५,००० ला पडला. सहा जणांत वाटलात तर काहीच नाही. वीज जाते तेव्हा तुम्हाला माझी आठवण येईल.

नगरची_सिस्टर · रविवार, रात्री ११:२०
दवाखान्याच्या आवारात सोलर आहे असं त्यांनी कळवलंय. पाणी उकळून घेऊ.

वसईकर_पाणीवाला · रविवार, रात्री ११:२८
सगळे असंच म्हणतात. कोळसा किती लागतो ते तिथे गेल्यावर कळेल.

मिरजकर_लॅब · सोमवार, सकाळी ६:१५
उत्तर युगांडात मी तीन वर्षं लॅबला होतो. आधी कागद, मग सामान.
पिवळ्या तापाची लस प्रत्येकाला लागेल, मुलीलाही. ती शासनमान्य केंद्रातच घ्या. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. आदल्या आठवड्यात धावपळ करू नका. अंड्याची ॲलर्जी असलेल्याने आधी डॉक्टरांशी बोलायचं. परत येताना भारतातही तेच कार्ड मागतात आणि नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात ठेवतात, म्हणून पासपोर्टलाच जोडून ठेवा.
तुम्ही दोघी नर्स आणि तुमचे टेक्निशियन यांना तिथल्या परिषदेची नोंदणी लागेल. मूळ प्रमाणपत्रं आणि इथल्या कौन्सिलचं पत्र आत्ताच हातात घ्या. आमच्यातल्या एकीचं पत्र मागे राहिलं होतं. ती चार महिने रुग्णाला हात न लावता फक्त पट्ट्या गुंडाळत बसली. रडायची बिचारी.
मलेरिया. तिथला बहुतेक फॅल्सिपेरम जातीचा असतो. तो डोक्यात जातो आणि दोन दिवसांत माणूस नेतो. आपल्याकडच्या व्हायवॅक्स जातीच्या मलेरियाच्या सवयीने 'उद्या बघू' करायचं नाही. ताप आला की त्याच दिवशी तपासणी, रात्र असली तरी.

आरोग्यधन · सोमवार, सकाळी ८:४०
इंग्रजी गोळ्या दोन वर्षं म्हणजे यकृताची वाट. माझ्याकडून तीन जण होमिओपॅथीच्या प्रतिबंधक गोळ्या घेऊन आफ्रिकेला गेले, काही झालं नाही.

मिरजकर_लॅब · सोमवार, सकाळी ९:०५
ताई, कृपा करून हा सल्ला देऊ नका. मी तिथे सूक्ष्मदर्शकाखाली रोज चाळीस-पन्नास स्लाइड बघत होतो. एका परदेशी स्वयंसेवकाने असाच विश्वास ठेवला होता. आठव्या दिवशी त्याला बेशुद्ध आणलं. वाचला, पण मूत्रपिंडं गेली ती गेलीच.
सिस्टर, पर्याय मुख्यतः तीन. डॉक्सीसायक्लिन रोज, मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज. डॉक्सी स्वस्त आहे, पण आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत आणि ऊन बाधतं. मेफ्लोक्विनने काहींना भीषण स्वप्नं पडतात, मन उदास होतं. म्हणून ते निघण्याआधी दोन-तीन आठवडे सुरू करून बघतात. तिसरं सोसतं चांगलं, पण महाग. मुलीसाठी बालरोगतज्ज्ञाकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या. दोन वर्षांचं तुमचं प्रत्येकाचं वेगळं ठरेल, ते डॉक्टरच ठरवतील. गोळी घेतली म्हणून मच्छरदाणी सोडायची नाही.

पाळकीणबाई · सोमवार, सकाळी ९:३०
डॉक्सी मीही घेतली होती टांझानियात. रात्री दोन घोट पाण्याबरोबर घेऊन आडवी झाले, गोळी छातीत अडकली आणि तीन दिवस घास गिळता येईना. पेलाभर पाण्याने, जेवणाबरोबर घ्यायची आणि अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. आणि पिवळ्या तापाची लस विसरू नका, कार्ड पासपोर्टला जोडून ठेवा.

मेळघाट_मित्र · सोमवार, सकाळी ११:१०
राग मानू नका, पण एवढ्या लांब कशाला? धारणी, चिखलदऱ्याला नर्सेस मिळत नाहीत. कोरकू वाड्यांवर कुपोषण आहे, सिकलसेल आहे. तिकिटाच्या पैशात इथे दोघींचं वर्ष निघेल.

गोदाकाठ · सोमवार, दुपारी १२:०५
मेळघाटात गरज आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण महाराष्ट्र आणि पूर्व आफ्रिकेचं सेवेचं नातं फार जुनं आहे, ते कुणाला माहीत नसतं म्हणून लिहितो. आमच्या नाशिकच्या शरणपुरात एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना ठेवून घेतलं, शिकवलं, सुतारकाम-लोहारकाम दिलं. त्यांना तिकडे 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी संशोधक लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये वारला तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत जेकब वेनराइट होता, तो नाशिकला शिकलेला. १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रिअरटाउन वसलं, त्यात नाशिकची बरीच माणसं गेली. आणि युगांडाशी थेट संबंध सांगायचा तर, १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या सीमेवर मारला गेला, तेव्हा त्याच्या काफिल्याबरोबर विल्यम जोन्स हा नाशिकला शिकलेला आफ्रिकन पाळक होता. उरलेल्या माणसांना किनाऱ्यावर परत आणलं ते त्याने. सिस्टर, तुम्ही त्याच वाटेने चालला आहात, मला फार आनंद झाला.

मेळघाट_मित्र · सोमवार, दुपारी १२:३०
इतिहास छान आहे. माझा प्रश्न आजचा आहे. हरिसालच्या पुढे पावसाळ्यात ॲम्ब्युलन्स पोचत नाही.

नगरची_सिस्टर · सोमवार, दुपारी १:१५
दादा, रागावले नाही. मी स्वतः सेमाडोहजवळ दीड वर्ष काम केलंय, म्हणूनच तिकडच्या दवाखान्याने आम्हाला बोलावलं. त्यांना सिकलसेल हाताळलेली नर्स हवी आहे, तिथे तो आजार खूप आहे. परत आल्यावर पुन्हा मेळघाटातच जायचं मनात आहे.
गोदाकाठ दादा, शरणपूरचं वाचून अंगावर काटा आला. रविवारी मंडळीत सांगेन.

जालन्याची_मावशी · सोमवार, संध्याकाळी ६:५०
पोरी, बॅग, गोळ्या सगळं बरोबर आहे. पण गट मलेरियाने मोडत नाही, मिठाने मोडतो. आमचा पाच जणांचा गट मलावीला तीन वर्षांसाठी गेला होता. सात महिन्यांत दोघं परतले, उरलेले तिघे एकमेकांशी फक्त प्रार्थनेच्या वेळी बोलत. भांडण कशावरून? तेलाच्या पाच लिटरच्या कॅनवरून. एकीला तर्रीची भाजी लागायची, एकाला पोटाचं दुखणं, तो बिनतेलाचं खायचा आणि पैसे सारखे भरायचा. तो काही बोलला नाही. पाच महिने बोलला नाही. मग एका रात्री बायबल अभ्यासात याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय चालू होता, जिभेबद्दलचा, तेव्हा त्याने पुस्तक मिटलं आणि सगळा हिशोब तारीखवार म्हणून दाखवला. त्याने तो मागच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने लिहून ठेवला होता. मी त्या खोलीत बसले होते. ती पानं मला अजून दिसतात.
म्हणून चूल वेगळी. आठवड्यातून एकदा एकत्र जेवा, ते पुरे.

पाळकीणबाई · सोमवार, संध्याकाळी ७:२०
मावशींशी शंभर टक्के सहमत, चूल वेगळीच. आणि जोडप्याला दार लागणारी स्वतःची खोली हवीच, आणि त्यांनी आपल्या मुलीला 'थोडा वेळ सांभाळ' म्हटलं की एकट्या मुलींनी नेहमी हो म्हणायचं नाही. हेही आधीच बोलून घ्या.

सोलापूरचा_दादा · सोमवार, रात्री ८:१०
वेगळीच. दुकानातल्या पोरांच्या खोलीत मी हेच बघितलंय.

पुणे_ट्रेकर · सोमवार, रात्री ८:३५
ट्रेकलासुद्धा आम्ही वेगळं शिजवतो. छोटा गॅस स्टोव्ह मिळतो, ४,००० पर्यंत.

मिरजकर_लॅब · सोमवार, रात्री ९:००
विमानात गॅसचं नळकांडं नेऊ देत नाहीत, दादा. तिथे कोळशाची शेगडी मिळते, तिला सिगिरीच म्हणतात, नाव ऐकून घरी आल्यासारखं वाटतं.
आता सामानाचं, जे मी मुद्दाम नंतर ठेवलं होतं. न्यायचं ते: पाच लिटरचा कुकर आणि त्याच्या जादा रिंगा, चष्म्याचे दोन जोड, नेहमीच्या औषधांचा तीन महिन्यांचा साठा चिठ्ठीसकट, सुती कपडे, बंद बूट, डोक्याला लावायचा टॉर्च, आणि मच्छरदाणी चौकोनी. मच्छरदाणी तिथेही मिळते, पण पहिल्या रात्री हातात असावी.
विजेचं. दाब आपल्यासारखाच २४० व्होल्टच्या आसपास, उपकरणं चालतात, फक्त पिन वेगळी. तीन चौकोनी दांडे, आत फ्यूज. प्रत्येकाने अडॅप्टर घेऊ नका. आपला एक चांगला एक्स्टेन्शन बोर्ड न्या आणि तुमच्या दादांना सांगा, तिथे त्याच्या टोकाला तिथली पिन बसवायची. मग सगळ्यांचे चार्जर एकाच बोर्डावर.
आणि इस्त्री. हसू नका, हे महत्त्वाचं. तिथे एक माशी असते, वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांवर अंडी घालते. ते कपडे घातले की अळी कातडीखाली शिरते. मला कमरेला, नाडी बांधतो तिथेच, गळवासारखं आलं. वर बारीक भोक, आणि रात्री आत काहीतरी सरकल्यासारखं वाटायचं. दवाखान्यातल्या म्हाताऱ्या आयाने व्हॅसलीनचा जाड थर दिला, भोक बुजलं. अळीला श्वासाला वर यावंच लागलं, मग तिने दोन अंगठ्यांनी दाबून काढली. तांदळाच्या दाण्याहून मोठी, पांढरी. तेव्हापासून आतल्या कपड्यांनासुद्धा दोन्ही बाजूंनी, शिवणीवरून कडक इस्त्री. वीज नसेल तर कोळशाची इस्त्री तिथे मिळते. मुलीचे कपडे, चादरी तर नक्कीच. नाहीतर घरात, पंख्याखाली वाळवा.

वसईकर_पाणीवाला · सोमवार, रात्री ९:२५
इस्त्रीला वीज लागते. म्हणून म्हणतो, सोलर.

सोलापूरचा_दादा · सोमवार, रात्री ९:४०
पिवळ्या तापाची लस घ्या. कार्ड हातात ठेवा, बॅगेत नको. आणि कंपाला-गुलू रस्त्यावर करुमाच्या पुलाजवळ गाडीच्या काचा लावून घ्या, नाईलच्या काठी माकडं गाडीत हात घालतात. मुलीच्या हातात केळं देऊ नका.
३ जूनच्या आसपास उतरत असाल तर कंपालाजवळच्या नामुगोंगोला ख्रिस्ती हुतात्म्यांच्या सणाची गर्दी असते, लोक शेकडो किलोमीटर पायी येतात. अगदी वारीसारखं. गाड्या मिळत नाहीत, गुलूचा प्रवास आधीच ठरवून ठेवा.

गोदाकाठ · सोमवार, रात्री १०:१५
पेटीबद्दल कुणी बोललं नाही. माझ्या मते नेऊ नये. ११ किलोत औषधं येतील. तिथे अडुंगू नावाचं तारांचं वाद्य उपासनेत वाजवतात, ते शिका. आणि पेटीचे भाते दमट हवेत धरत नाहीत.

पाळकीणबाई · सोमवार, रात्री १०:३०
पेटीवाचून कीर्तन-भजन कसं होणार? रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांवर वाढलेली माणसं आपण. न्या.

गोदाकाठ · सोमवार, रात्री १०:४१
टाळ न्या. अर्धा किलो.

मिरजकर_लॅब · मंगळवार, सकाळी ६:३०
एक राहिलं. भाषा. निघण्याआधी रोज अर्धा तास अचोली. तिथे वॉर्डात इंग्रजीने काम होतं, पण म्हातारी माणसं तुमच्याशी इंग्रजीत दुखणं सांगणार नाहीत. कुणी 'कोप आंगो' म्हटलं तर 'कोप पे' म्हणायचं, म्हणजे काय म्हणताय, सगळं ठीक. 'अप्वोयो' म्हणजे नमस्कारही आणि धन्यवादही. जेवणाची काळजी करू नका. नाचणीची घट्ट उकड असते, तिला ते क्वोन काल म्हणतात, आणि मलाक्वांग नावाची आंबट पालेभाजी तिळाच्या नाहीतर शेंगदाण्याच्या कुटात शिजवतात. ती अंबाडीच्याच जातकुळीतली. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला आईच्या हातची अंबाडी आठवून घास थांबला होता.

नगरची_सिस्टर · बुधवार, रात्री १०:०५
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सहाही जण बसलो, धागा मोठ्याने वाचला. काय ठरलं ते सांगते.
चौघांची लस झाली. आमच्या टेक्निशियनला अंड्याने पित्त उठतं, त्याला उद्या डॉक्टरांकडे नेतोय. मिरजकर काका, तुम्ही लिहिलं नसतं तर तो तसाच रांगेत उभा राहिला असता. कौन्सिलच्या पत्रांसाठी सोमवारी मुंबईला जातोय. गोळ्यांचं प्रत्येकाचं वेगळं, मुलीचं बालरोगतज्ज्ञ बघतील. विम्यात आजारी माणसाला विमानाने हलवण्याचा खर्च धरलाय, त्यासाठी सामानातले पैसे कापले. किराणा काही नाही. सोलर नाही, वसईकर दादांचा राग नसावा. एक बोर्ड, दोन इस्त्र्या, त्यातली एक कोळशाची तिथे घेऊ. पेटी इथल्या संडे स्कूलला दिली, आज पोरांनी लगेच वाजवायला घेतली. टाळ बांधलेत.
चूल मात्र एकच ठेवतोय. तुम्ही सगळ्यांनी एकमुखाने नको म्हटलं, मावशींचं वाचून तर आम्ही बराच वेळ गप्प होतो. पण दवाखान्याने दिलेल्या घरात स्वयंपाकघर एकच आहे, आणि मुलीने दोन वर्षं तीन ताटं वेगळी बघू नयेत असं वहिनींना वाटतं. म्हणून कागदावर लिहिलं. तेल आणि भाजी ज्याच्या त्याच्या पोटाप्रमाणे, फोडणी शेवटी वरून. हिशोबाची वही भिंतीला टांगलेली, कुणाच्या बायबलमध्ये नाही. दर शनिवारी अर्धा तास, ज्याला जे खटकलं ते त्याच आठवड्यात बोलायचं, आणि त्या अर्ध्या तासात वचन वाचायचं नाही, वचनाआड लपून कुणी बोलू नये म्हणून. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. सहाही जणांनी सही केली. मुलीने फूल काढलं.

जालन्याची_मावशी · बुधवार, रात्री १०:४०
माझं म्हणणं मी सोडलेलं नाही, पोरी. तीन महिन्यांनी दोन शेगड्या घ्याव्या लागल्या तर लाजू नका, लगेच घ्या. शनिवारच्या बैठकीत जो सगळ्यात कमी बोलतो त्याला आधी विचारा.
आणि सहा जणांना पाच लिटरचा पुरत नाही, साडेसातचा घे. रिंगा चार. शिट्टीसुद्धा एक जादा घे, तीच हरवते.

नगरची_सिस्टर · बुधवार, रात्री १०:४६
साडेसातचा बघते उद्या. आईकडे जुना आहे, वजन करून सांगते.